किल्लारीनंतरचा पंचनामा आणि माझी एक चूक

थोडं लांबलंय, पण विषय आपल्या घराचाच आहे. सवडीने वाचा.

दरवर्षी ३० सप्टेंबर आला की आपल्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर किल्लारीचे तेच फोटो फिरतात. दगडांचे ढीग, मधेच उभा राहिलेला एखादा लाकडी खांब, खाली हात जोडलेले. मीही टाकतो. पण एका गोष्टीवर कुणी बोलत नाही. भूकंपानंतर घराचं नुकसान मोजतात कसं, आणि त्या मोजण्यावरून आपल्या हातात किती पैसे येणार हे ठरतं कसं?

मी हे मोजायचं काम केलंय. आणि एका घरी चुकीचं मोजलंय. इतकी वर्षं घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

नव्या पोरांसाठी थोडक्यात. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. रिश्टरची भाषा सोडा, शास्त्रज्ञ आता ६.२ तीव्रता धरतात. जगाच्या हिशोबात हा काही फार मोठा भूकंप नव्हे. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. कारण आपली घरं. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जडशीळ माळवद. शिवाय तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टा २००२ साली बदलला.

सरकारने नुकसानीप्रमाणे गावांचे तीन वर्ग केले. 'अ' मधली ५२ गावं पार जमीनदोस्त, ती दुसऱ्या जागेवर नव्याने बांधायची. 'ब' मधली त्याच्या खालोखाल. आणि 'क' वर्गात बाकीची गावं, जिथं घरं उभी होती पण हलली होती. तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. ही 'क' ची घरं दीड लाखाच्या वर होती, अनेक जिल्ह्यांत पसरलेली. फोटो 'अ' वर्गाचे निघाले, पण घरांची खरी संख्या 'क' मध्ये होती.

'अ' मध्ये एक वेगळीच गोष्ट झाली. तिथं घराचं नुकसान मोजायचा प्रश्नच नव्हता, सगळंच गेलं होतं. मग नवं घर किती मोठं द्यायचं? ते ठरलं शेतीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्या वर ७५०. म्हणजे ज्याचा दहा खणांचा वाडा पडला पण शेती नव्हती, त्याला २५०. घर काय गेलं त्याचा आणि घर काय मिळालं त्याचा संबंध सात-बाऱ्यातून लागला. घाईच्या दिवसांत दुसरा कुठला कागद हाताशी होता, हेही खरंच. पण मोजमाप नसलं की त्याच्या जागी दुसरंच काहीतरी माप म्हणून येऊन बसतं, हे तिथं पहिल्यांदा कळलं.

आता माझं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा, सिव्हिलचा डिप्लोमा करून एका गुत्तेदाराकडे लागलो होतो. 'क' वर्गातल्या गावांच्या पाहणीला पोरं हवी होती, मी गेलो. आमच्या पथकाबरोबर एक वयस्कर गवंडी असायचे, त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. हातात छापील फॉर्म, टेप, खडू. घराला एक ते पाच असा दर्जा द्यायचा.

एक म्हणजे गिलाव्याला केसासारखी चीर. दोन म्हणजे भिंतीला लहान तडे, गिलाव्याचे पोपडे पडलेले. तीन म्हणजे भिंतीला मोठे, खोल तडे. चार म्हणजे भिंतीत आरपार फट, एखादा भाग ढासळलेला. पाच म्हणजे घर बसलं. हे दर्जे कुणा एका साहेबाने काढलेले नाहीत, जगभर थोड्याफार फरकाने हेच वापरतात. खालच्या दर्जाला साधारण १७ हजार आणि वरच्या दर्जाला ३४ हजार अशी मदत होती. त्या काळी आपल्याकडच्या माणसाला १७ हजारांचा फरक म्हणजे एक बैलजोडी आणि वर पोरीच्या लग्नाचा काही खर्च.

दिवसाला तीस-चाळीस घरं करायची. एका घराला दहा मिनिटं मिळाली तर खूप.

एका गावात गल्लीच्या टोकाला एका आजींचं घर होतं. मालक वारलेले, मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि नातू. समोर ढाळज, आत पाच खण, बाजूला गोठा. मी बाहेरून बघितलं. भिंत स्वच्छ, पांढऱ्या मातीने लिपलेली, एक तडा दिसेना. आत डोकावलो, अंधार होता, दोन-चार चिरा दिसल्या. फॉर्मवर लिहिलं, दोन.

आजी म्हणाल्या, "लेकरा, रातच्याला भिंतीतून माती गळती बघ. कुरकुर वाजती."

मी म्हणालो, "आजी, जुन्या घरात माती पडतच असते."

मिस्त्री हळूच म्हणाले, "सायेब, बाहेरून ओळंबा लावून बघू का?" मी घड्याळ बघितलं. अजून अकरा घरं राहिली होती. म्हणालो, राहू द्या.

त्या पावसाळ्यात भिंतीची बाहेरची बाजू गोठ्यावर आली. दोन शेळ्या मेल्या. नातू गोठ्यात होता, त्याचा पाय मांडीत मोडला. आतली बाजू तशीच उभी, माळवद तसंच खांबांवर. जणू कुणी भिंतीची साल काढली.

मला कळल्यावर मी गेलो. आजींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलं होतं की तुमाला, माती गळती म्हणून."

काय चुकलं होतं ते नंतर मिस्त्रींनी दगड हातात धरून समजावलं. आपली जुनी भिंत म्हणजे एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरच्या अंगाला घडीव दगडांचा एक थर, आतल्या अंगाला एक, आणि मधे लहान दगड-गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड मधे मधे घालायला पाहिजेत. जुने कारागीर घालायचे. पुढे पुढे दगड महाग, मजुरी महाग, ते घालणं सुटलं. भूकंपात अशी भिंत हलली की तडा पडण्याआधी ती फुगते. दोन थर एकमेकांपासून सुटतात, मधली माती खाली बसते आणि पाचरीसारखी त्यांना आणखी बाहेर ढकलते. आजी जे ऐकत होत्या ते हेच होतं.

फॉर्म विचारत होता, तडा किती मोठा? आमच्या भिंतींचा आजार तड्यात नव्हता, फुगवट्यात होता. आणि तो बघायला दोन रुपयांचा ओळंबा पुरत होता.

दुसरी गोष्ट. भिंत स्वच्छ का होती? कारण मधे दिवाळी येऊन गेली होती. आजींनी सणाला घर लिपून घेतलं होतं. नीटनेटक्या बाईने घर नीट ठेवलं आणि त्यामुळेच तिचा पुरावा गेला. शेजारी ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला मी तीन दिले होते.

आता पैशाचा हिशोब बघू, कारण खरं भांडण तिथंच आहे.

नुकसान रुपयांत काढायची पद्धत ऐकायला सोपी आहे. घर आज नव्याने बांधायला किती लागतील? आणि मोडलेलं दुरुस्त करायला किती लागतील? दुसऱ्याला पहिल्याने भागा, शेकडा काढा. समजा घर नव्याने बांधायला सहा लाख लागतात. त्यातला ४० टक्के खर्च भिंतींचा धरा, २५ टक्के छताचा, १५ पायाचा, बाकी दारं-खिडक्या, फरशी, गिलावा. चारपैकी दोन भिंती उतरवून बांधायच्या तर झाले २० टक्के. पण भिंत उतरवायची तर छताला टेकू द्यावे लागतात, दारं काढून परत बसवावी लागतात, राडारोडा उचलावा लागतो. धरा अजून पाच टक्के. म्हणजे २५ टक्के, दीड लाख रुपये. आणि लोकांना वाटतं, "छत तर शाबूत आहे, काय मोठं नुकसान?"

पूर्ण जिल्ह्याचा किंवा राज्याचा अंदाज काढतात तोही असाच. कुठल्या प्रकारची किती घरं, त्यातली किती कुठल्या दर्जाला गेली, आणि त्या दर्जाला सरासरी किती टक्के नुकसान. अमेरिकेतली एक प्रसिद्ध पद्धत आहे, हेझस नावाची. त्यात किरकोळ नुकसानीला २ टक्के धरतात, मध्यमला १०, मोठ्याला ५०, पूर्ण मोडलं तर १००. मधली उडी बघा, १० वरून एकदम ५०. म्हणजे एखाद्या पोराने घाईत 'मोठं' च्या जागी 'मध्यम' वर खूण केली की त्या घराचं नुकसान कागदावर पाचपट कमी होतं. अशी हजार घरं झाली की वर मुंबई-दिल्लीत जाणारा आकडाच बदलतो. त्या आकड्यावर कर्ज, मदत, सगळं ठरतं. तो आकडा संगणकातून आलेला दिसतो, पण त्याच्या तळाशी माझ्यासारखा घड्याळ बघणारा कुणीतरी असतो.

आणि अलीकडे काय चालत आलंय? केंद्राचे आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष बघा. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. अंशतः पडझड असेल, आणि ती किमान १५ टक्के असेल, तर पक्क्या घराला ६ हजार ५००, कच्च्याला ४ हजार. राज्य सरकार कधी कधी स्वतःची भर घालतं, पण सांगाडा हा आहे.

आता वरचं उदाहरण यात बसवा. दीड लाखाचं नुकसान, २५ टक्के, म्हणजे 'अंशतः'. मिळणार साडेसहा हजार. चौदा टक्के असेल तर काहीच नाही. आणि 'पूर्ण' लिहिलं गेलं तर १ लाख २० हजार. मधे एकही पायरी नाही. मग सरपंच फोन करतो, भावकी दारात उभी राहते, तलाठ्याच्या मागे लोक लागतात की "पूर्ण लिवा". आपण म्हणतो लोक लबाड झालेत. काही होतातही, मी बघितलंय, धडधाकट भिंतीला पहारीने भोक पाडलेलंही बघितलंय. पण ज्या जिन्याला एक पायरी खाली आणि एकदम दुसरी माडीवर, त्या जिन्यावर माणूस उडीच मारणार.

आणि १५ टक्के म्हणजे कशाचे? क्षेत्रफळाचे, भिंतींचे, की बांधकामाच्या किमतीचे? पंचनाम्याच्या वेळी हा प्रश्न विचारून बघा. मी दोन-तीन ठिकाणी विचारला, तीन उत्तरं मिळाली.

हे सगळं जुनं नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला, १० जुलैला परत तेवढाच. नांदेड, परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले. पालघरला डहाणू-तलासरीत २०१८ च्या शेवटापासून कितीतरी दिवस धक्क्यांवर धक्के चालले होते. अशा मध्यम धक्क्यांत घरं पडत नाहीत, चिरतात आणि फुगतात. म्हणजे सगळी १५ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे. तिथंच आपली पद्धत सगळ्यात कच्ची आहे.

अजून दोन गोष्टींची गल्लत होते.

एक, घर राहण्याजोगं आहे का आणि नुकसान किती, हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर दोन-चार दिवसांत पाहिजे. काही देशांत दारावर लाल, पिवळा, हिरवा कागद चिकटवतात. लाल म्हणजे आत पाऊल टाकू नका. दुसऱ्याला सवड लागते, आत जाऊन टेप लावावा लागतो. आपण दोन्ही एकाच फेरीत, एकाच फॉर्मवर उरकतो. आजींच्या घराला निदान पहिला प्रश्न नीट विचारला असता तर दोन की चार हे नंतर बघता आलं असतं, पण गोठा रिकामा झाला असता.

दुसरी, मोडलेली वस्तू वेगळी आणि बुडालेली कमाई वेगळी. पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे, तीन महिने बंद राहिलं. घर पडलं म्हणून भाड्याने राहावं लागलं. मजुरी सोडून माणूस दगड उचलत बसला. हे कुठल्या भिंतीवर दिसत नाही. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर त्यांनी या दोन्ही रकमा वेगळ्या काढल्या होत्या. एकूण ७०६ अब्ज नेपाळी रुपये, त्यात मोडतोड ५१७ अब्जांची आणि त्यामुळे झालेला बाकीचा तोटा १८९ अब्जांचा. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. आपल्या पंचनाम्यात या चौथ्या हिश्श्याला रकानाच नसतो.

मग करायचं काय? मला जे कळलंय ते लिहितो.

१. घराचा फोटो आज काढा. प्रत्येक भिंत आतून आणि बाहेरून, छत, जोतं, आधीच असलेले तडे सुद्धा. तड्याशेजारी टेप किंवा एखादी पट्टी धरा म्हणजे माप कळेल. फोटो नुसते मोबाईलमध्ये ठेवू नका, बाहेरगावच्या पोराला-पोरीला पाठवून ठेवा.

२. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ बघा. तुमचं घर किती चौरस फूट, कच्चं की पक्कं, काय लिहिलंय? किती तरी ठिकाणी वर स्लॅब पडून दहा वर्षं झाली तरी कागदावर माळवदच आहे. घरपट्टी वाढेल म्हणून आपणच बोलत नाही. नंतर तोच कागद पुढे येतो.

३. धक्क्यानंतर पंचनाम्याआधी लिपू नका, गिलावा करू नका. टेकू जरूर द्या, पण देण्याआधी फोटो काढा. आणि भिंत फुगलेली वाटली तर पंचनाम्याची वाट न बघता तिच्या दोन्ही अंगांची जागा मोकळी करा. माणसंही, जनावरंही.

४. पाहणीला आलेल्या माणसाला आत बोलवा. गावातला जुना गवंडी बरोबर ठेवा, त्याला ओळंबा आणायला सांगा. भिंतीवर ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. रात्री काय ऐकू येतं तेही सांगा आणि लिहून घ्यायला लावा.

५. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. किती टक्के आणि कशाचे टक्के, विचारा. प्रत मागा. पटलं नाही तर भांडू नका, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पाहणी करणारी पोरंही आपलीच असतात, त्यांनाही वरून घाई असते.

६. जमत असेल तर घराचा विमा बघा. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आहे, तिच्यात भूकंप धरलेला आहे. रक्कम जागेच्या बाजारभावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर काढायची असते. दगडमातीच्या घराला देतात का, कुठल्या अटीवर, हे आधी स्पष्ट विचारा.

आणि ग्रामसभेत दोन मागण्या करता येतील. प्रत्येक घराची फोटोसह नोंद ग्रामपंचायतीने आत्ताच करून ठेवावी. आणि 'अंशतः' ते 'पूर्ण' च्या मधे पायऱ्या असाव्यात, हा ठराव वर पाठवावा. किल्लारीच्या वेळी तरी एक ते पाच दर्जे होते. २०२२ ते २०२६ च्या निकषांत आपण पंधरा टक्के आणि शंभर टक्के, एवढ्यावर आलो.

शेवटचं एक. 'क' वर्गातल्या पुष्कळ लोकांनी मदतीतून जुनी भिंत मजबूत केलीच नाही. त्या काळी भिंतीला भोकं पाडून आत सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात, अशी सोय होती. खिडकीच्या वर जाळी लावून पट्टा मारायचा. पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. त्यांनी शेजारी विटांची एक खोली बांधली आणि जुनं घर तसंच ठेवलं. आता त्या जुन्या घरात कडबा आहे, जनावरं आहेत, किंवा म्हातारी माणसं आहेत. त्या भिंती १९९३ ला हलल्या, त्यानंतर कुणी ओळंबा लावलेला नाही.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. नातू लातूरला असतो, थोडा लंगडतो. मागे एका लग्नात भेटला. मी कोण ते त्याला माहीत होतं. म्हणाला, "काका, घर विकलं नाही अजून, येऊन बघा एकदा." गेल्या महिन्यात जाऊन आलो. उरलेल्या बाहेरच्या भिंतीला ओळंबा लावला. माथ्यापासून खाली येईपर्यंत चार बोटं बाहेर आहे. गोठा रिकामा करायला सांगितलंय.

तुमच्याकडे अशी भिंत असेल तर कमेंटमध्ये गाव लिहा. आपल्या आसपासच्या तालुक्यांत असाल तर रविवारी येईन, चहा पाजा म्हणजे झालं. आणि पटलं असेल तर गावच्या ग्रुपवर पाठवा, ३० सप्टेंबरची वाट बघू नका.